ओकाझाकीचे गोल कमी, मैदानावरची मिनिटं जास्त

2015-16 मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा जेमी वार्डीचे 24 गोल होते आणि रियाद महरेझचे 17. वार्डीच्या जोडीला आघाडीवर खेळणाऱ्या जपानच्या शिंजी ओकाझाकीचे फक्त 5. तरीही 38 पैकी 36 सामन्यांत तो मैदानात उतरला. हे कोडं सुटायला जरा मागे जावं लागतं.

युरोपात जपानी खेळाडूंची वाट 1977 साली यासुहिको ओकुदेराने जर्मनीतल्या कोलोन क्लबला जाऊन पाडली. तो गेला आघाडीचा खेळाडू म्हणून, पण पुढे ब्रेमेनमध्ये बचावफळीत खेळला. 1994 मध्ये काझुयोशी मिउरा जेनोआला गेला. इटलीच्या लीगमध्ये त्याचा एकच गोल झाला, तोही साम्पदोरियाविरुद्धच्या शहरी लढतीत. नाओहिरो ताकाहाराने 2006-07 मध्ये फ्रँकफर्टसाठी लीगमध्ये 11 गोल केले, पण तशी उदाहरणं विरळच.

2010 नंतर मात्र रांग लागली. त्याआधी जे-लीगमध्ये, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये, करार संपला तरी जुना क्लब बदलीचे पैसे मागू शकत असे. तो नियम गेला आणि करार संपलेला खेळाडू फुकटात मिळू लागला. अडचण राहिली वेळापत्रकाची. जपानी हंगाम तेव्हा हिवाळ्यात संपायचा, करार जानेवारीअखेर, आणि युरोपातली हिवाळी बदलीची मुदतही नेमकी त्याच सुमारास संपते. 2011 मध्ये ओकाझाकी शिमिझू या जपानी क्लबातून जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेला तेव्हा याच तारखांवरून वाद झाला. शिमिझूने हरकत घेतली आणि फिफाची तात्पुरती परवानगी येईपर्यंत त्याला खेळता आलं नाही.

श्टुटगार्टने त्याला बहुतेक वेळा कडेला खेळवलं: लीगचे 63 सामने, 10 गोल. 2013 मध्ये माइंझला प्रशिक्षक थॉमस टुखेलने त्याला मधोमध उभं केलं आणि पहिल्याच हंगामात 15 गोल झाले, पुढच्या हंगामात 12. खेळाडू तोच होता, बदलली होती जागा. जपानी आघाडीवीर युरोपात चालत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

लेस्टरमध्ये प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरीने त्याला वेगळंच काम दिलं. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की ओकाझाकी मागे सरकून त्यांच्या सर्वांत खोल उभ्या मध्यरक्षकाला झाकायचा. बचावपटूला मधला पास दिसेनासा झाला की चेंडू कडेला जायचा, तिथे मधल्या फळीतले कान्ते आणि ड्रिंकवॉटर तो हिसकावायचे आणि पुढचा लांब पास थेट वार्डीच्या धावेत. यात धावणं बेसुमार, म्हणून तासाभरानंतर दम संपायचा आणि बदली खेळाडू उतरवावा लागायचा. पूर्ण 90 मिनिटं तो क्वचितच खेळला. पण त्याला नुसता राबणारा म्हणणं अन्यायाचं आहे. 14 मार्च 2016 ला न्यूकॅसलविरुद्ध वार्डीने डोक्याने आत वळवलेला चेंडू त्याने गोलकडे पाठ असताना, अंग हवेत झोकून, डोक्यावरून जाळ्यात मारला. सामना लेस्टरने 1-0 ने जिंकला.

पुढच्या हंगामात कान्ते चेल्सीला गेला, आघाडीवीर इस्लाम स्लिमानी आला आणि ओकाझाकी बाकावर बसू लागला. आघाडीवरून दाब येईना, मधली फळी उघडी पडली, संघ तळाकडे घसरला. फेब्रुवारी 2017 मध्ये रानिएरीला काढल्यावर त्याच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपियरने लिव्हरपूलविरुद्ध जुनी रचना परत आणली. ओकाझाकी सुरुवातीपासून खेळला, लेस्टर 3-1 ने जिंकलं. संघ शेवटी बाराव्या स्थानावर राहिला.

2019 च्या उन्हाळ्यात तो स्पेनच्या मालागाला गेला, पण पगारमर्यादेमुळे क्लबला त्याची नोंदणीच करता आली नाही आणि एकही सामना न खेळता करार तुटला. लगेच उएस्का या दुसऱ्या स्पॅनिश क्लबने घेतलं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी संपलेल्या त्या हंगामात त्याने दुसऱ्या श्रेणीत 12 गोल केले आणि उएस्का विजेता होऊन वर चढला. नंतर कार्ताहेना, मग बेल्जियमचा सिंट-ट्राउडेन, आणि 2024 मध्ये निवृत्ती. देशासाठी त्याचे 119 सामन्यांत 50 गोल आहेत. जपानकडून त्याहून जास्त फक्त कामामोतो आणि मिउराचे. खेळणं थांबल्यावर तो माइंझला परतला आणि 2014 मध्ये त्याच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या बासारा माइंझ या हौशी क्लबचा प्रशिक्षक झाला.