साठच्या स्पीडला येणारी घरघर नक्की कुठून येते?

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी उतरून माणगावच्या अलीकडे दोन दिवस चिखलात आणि ओढ्यांत गाडी घातली होती, जुनी फोर बाय फोर, डिझेल, पाच गिअरची. परत आल्यावर हळू चालवताना खालून चिमणीसारखी चिवचिव यायला लागली. हा आवाज ओळखीचा असतो, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सचं फिरणं ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा अधिक चिन्हासारखा सांधा, कोरडा पडला की असंच वाजतं, आणि क्रॉसच्या कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली की शंकाच राहत नाही. एका गॅरेजात क्रॉस बदलून घेतला, चिवचिव गेली. पण दोन दिवसांनी हायवेला लागलो आणि ५५ ते ६५ च्या मध्ये सीटखालून अशी घूंऽऽ घरघर सुरू झाली की आरसा थरथरून मागची गाडी नीट दिसेना. ७० ला गेलं की कमी, ५० वर आलं की कमी.

मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला टायर, दुसरा म्हणाला व्हील बेअरिंग, आणि गॅरेजवाल्याने चक्कर मारून सांगितलं की क्राऊन-पिनियन (शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) गेलंय, डिफरन्शियल (ती जोडी असते ती ॲक्सलमधली पेटी) खोलावं लागेल. यातलं काहीही होऊ शकतं, कुणी वेड्यासारखं बोलत नव्हतं. पण गंमत अशी आहे की या प्रत्येक पार्टचा फिरण्याचा वेग वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येकाचा आवाजही वेगळ्या पट्टीत येतो, आणि ती पट्टी पाना न लावता घरबसल्या काढता येते. मला हे इतकं आवडतं की गाडी बिघडल्याचं दुःख अर्धं झालं.

हिशोब असा. टायर २३५/७०, रिम १६ इंची, म्हणजे उंची साधारण ७३५ मिलिमीटर आणि घेर सुमारे २.३१ मीटर. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे ७.२ फेरे झाले. डिफरन्शियलमध्ये क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १०, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्ट ४.१ वेळा फिरतो. शाफ्टचे झाले साडेएकोणतीस फेरे. चाकाचा बॅलन्स गेला असेल तर ७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७ वेळा, हादरा बसेल, तो कानाला ऐकूच येत नाही, स्टिअरिंगमध्ये जाणवतो. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर ३० च्या आसपास. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर सेकंदाला सुमारे २९५ वेळा येतात, आणि २९५ हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमवर जवळजवळ मधल्या सप्तकातली पांढरी दोन! क्राऊन-पिनियन खरंच खराब असेल तर ६० ला ते सुरात गातं, किंचाळल्यासारखं बारीक, आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की त्याचा आवाज बदलतो कारण दातांची टेकायची बाजूच बदलते. आमची घरघर कुठल्याही बाजूने पांढरी दोन नव्हती, फार खालची होती. मड टायरचे ठोकळेही याच्या वरच गातात, एका घेरात समजा ६० ठोकळे धरले तर ४३० च्या पुढे. शिवाय रस्ता डांबरीवरून सिमेंटचा झाला की टायरचा आवाज लगेच बदलतो, हा बदलत नव्हता.

अर्थात ओढ्यात गाडी घातलेली असल्यामुळे डिफरन्शियलचं ऑइल बघणं भागच होतं. चालून तापलेला डिफरन्शियल एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, हवा आत-बाहेर जाण्यासाठीची ब्रीदरची नळी चिखलाने बंद असेल तर ती सीलमधून पाणी आत ओढून घेते आणि ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. आमचं स्वच्छ निघालं, ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप, एकही कपची नाही. तेवढा तरी जीव भांड्यात पडला.

आणखी एक साधी गोष्ट आधीच बघून घ्या, फोर व्हीलचा दांडा खरंच सुटलाय ना. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त लांबचा रस्ता कापावा लागतो, आणि अशा गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळलं की सगळी यंत्रणा पिळून निघते, कडकड वाजते आणि काहीतरी मोडतं. चिखलात चाक घसरून तो पीळ सुटतो म्हणून तिथे चालतं.

आता मोजायचं कसं, तर फोनने. फोनमध्ये हादरे मोजणारा सेन्सर असतो, त्याचा आलेख काढून कुठल्या हर्ट्झला किती जोर आहे ते दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधला, स्पीड जीपीएसवरून घेतला कारण गाडीचा मीटर थोडा जास्तच दाखवतो. ४० ला शिखर आलं ३९ वर, ५० ला ४९ वर, आणि ६० ला? ४१! स्पीड वाढला आणि आकडा खाली आला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण फिरणाऱ्या कुठल्याच पार्टला असं वागता येत नाही.

उत्तर सेन्सरमध्येच होतं. माझ्या फोनचा सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेतो, आणि १०० नोंदींमध्ये ५० हर्ट्झपर्यंतचंच कंपन खरं दिसतं, त्याच्या वरचं उलटं दुमडून खाली येतं. ५९ हे ५० च्या जितकं वर आहे तितकंच ते खाली दिसतं, म्हणजे ४१. पिक्चरमध्ये बैलगाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार. मग माइकने रेकॉर्डिंग केलं, माइक सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतो, आणि तिथे स्वच्छ ५९ आलं. ४० ला ३९, ५० ला ४९, ६० ला ५९, सगळीकडे शाफ्टच्या वेगाच्या बरोब्बर दुप्पट.

इथेच थांबलो असतो तरी फसलो असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो, आणि चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणजे इंजिनचाही आकडा तेव्हा ५९ च येणार! इंजिन माउंटिंग गेलं असलं तरी नेमका हाच आवाज. म्हणून ६० चा स्पीड तोच ठेवून तिसरा टाकला, इंजिनचा आवाज चढला, घरघर ५९ वरच. पाचवा टाकला, तरी ५९. मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी वाहू दिली, जोर थोडा कमी झाला पण आकडा हलला नाही. म्हणजे इंजिन, क्लच संशयातून सुटले, गिअरबॉक्सचे गिअरही सुटले.

शाफ्टच्या दुप्पट वेगाचं कंपन म्हटलं की बोट क्रॉसकडेच जातं. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानो या गणितज्ञाचं नाव या क्रॉसच्या जॉइंटला आहे, सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने त्यावर काम केलं, आणि त्याचा मूळ दोष तेव्हापासून तसाच आहे. जॉइंट वाकलेला असताना आत येणारा शाफ्ट एकसारखा फिरला तरी बाहेरचा एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ५ अंशाच्या कोनाला हा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो, १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला ६ टक्के. कोन दुप्पट केला की फरक चौपट होतो, म्हणून लिफ्ट किट घालून गाडी उचलली की पूर्वी शांत असलेल्या गाड्या थरथरायला लागतात.

मग सगळ्याच गाड्या का घरघरत नाहीत? कारण शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, आणि पहिल्याने केलेली गडबड दुसरा बरोबर उलटी करून पुसून टाकतो. पण त्यासाठी मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉसला धरणारे काटे एकाच रेषेत हवेत. अशा शाफ्टच्या मध्ये दात असलेला सरकता जोड असतो, खड्ड्यात ॲक्सल वर-खाली झाला की शाफ्टने लांब-आखूड व्हावं म्हणून, आणि क्रॉस बदलताना हा जोड सुटा झाला आणि परत घालताना दोन-तीन दात इकडेतिकडे बसला की काट्यांची रेषा जाते. मग पुसणं अर्धवटच होतं, आणि पूर्ण ९० अंश चुकलं तर दोघांची गडबड पुसण्याऐवजी बेरीज होते.

गाडीखाली शिरलो, शाफ्ट कापडाने पुसला. चिखलाखाली बाणाच्या दोन खुणा होत्या, एकमेकींच्या समोर असायला हव्या होत्या, त्या एकमेकींपासून चांगल्या दोन बोटं लांब होत्या. गॅरेजवाल्याला दोष द्यावासा वाटत नाही, चिखलात त्या खुणा खरंच दिसत नव्हत्या, पण कुणीही शाफ्ट सोडवायच्या आधी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून घ्यावी, एवढं मनापासून सांगतो. जोड काढला, ग्रीस लावून बाण जुळवून बसवला. पाऊण तासाचं काम, पार्ट एकही लागला नाही.

फक्त ५५ ते ६५ मध्येच का वाजायचं, तर कंपन सगळ्याच स्पीडला होतं, पण गाडीच्या पत्र्याची स्वतःची एक सुराची पट्टी असते आणि ६० च्या आसपास शाफ्टचं कंपन नेमकं तिच्यावर यायचं. सतारीत वरची तार छेडली की त्याच सुराची खालची तरफेची तार आपोआप बोलते, तसं फ्लोअर बोलत होतं. म्हणून आवाज सीटखालून येतो म्हणून सीटखालीच शोधू नका. लोखंडातून आवाज सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास पळतो, हवेत जेमतेम ३४०-३५० मीटर, त्यामुळे तो कुठून निघाला हे कानाला कळत नाही, कुठला पत्रा वाजतोय तेवढंच कळतं.

घरघर गेल्यावर गाडी इतकी शांत झाली की तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज ऐकू यायला लागला. हलकी खरखर, गिअरशी संबंध नाही, ॲक्सिलरेटरशी नाही. डावीकडच्या लांब वळणावर वाढते, उजवीकडे वळलं की जवळजवळ बंद. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे उजव्या बाजूचं बेअरिंग. पुढचं का मागचं ते रविवारी गाडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, उचलून घेऊन बघणार आहे, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा, खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते.