स्वादुपिंड काढल्यावर जेवणाचा हिशेब

१८८९ साली ऑस्कर मिन्कोव्स्की आणि जोसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. माणसाचंही तसंच होतं. कर्करोगामुळे किंवा वर्षानुवर्षं छळणाऱ्या दाहामुळे पूर्ण स्वादुपिंड काढावं लागलं, की त्याच दिवसापासून बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं, आणि तेही बहुधा आयुष्यभर.

सुरुवातीचे दिवस पोटातल्या नळ्या, टाके आणि सुस्तावलेलं जठर यांत जातात. दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून थोडंथोडं, पण वारंवार खायचं. हे हळूहळू सुधारतं. खरी कसोटी घरी आल्यावर लागते.

शुगर वाढण्याची भीती सगळ्यांनाच असते. या रुग्णांनी शुगर घसरण्याला जास्त जपायला हवं. स्वादुपिंडात इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉनही तयार होतं. शुगर उतरू लागली की ते यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतं. ग्रंथी गेली की हा बचावही जातो. त्यामुळे शुगर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, की ती आपोआप सावरेल म्हणून वाट पाहत बसू नये. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. रुग्ण बेशुद्ध पडला तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात असावं आणि ते द्यायचं कसं, हे घरच्यांना ठाऊक असावं.

दुसरी उणीव पाचकरसाची. निरोगी स्वादुपिंड दिवसाला साधारण दीड लिटर रस आतड्यात सोडतं. त्याची जागा एन्झाइमच्या कॅप्सूल घेतात. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, म्हणून ते चावायचे नाहीत आणि गरम पेयाबरोबर घ्यायचे नाहीत. पहिली कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची आणि जेवण लांबलं तर उरलेल्या मधेमधे. जेवून उठल्यावर घेतलेल्या कॅप्सूलचा फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर अन्न पुढे सरकलेलं असतं.

आणि इथेच दोन्ही औषधं एकमेकांत गुंततात. ताटातलं अन्न मोजून इन्सुलिन घेतलं, पण कॅप्सूल राहिली, तर अन्न नीट पचत नाही, साखर रक्तात पोहोचत नाही आणि इन्सुलिन मात्र आपलं काम करत राहतं. शुगर धाडकन उतरते. डोस तोच असून शुगर का हेलकावते, याचं उत्तर अनेकदा पचनात सापडतं. शौच फिकट, तेलकट, उग्र वासाचं होतंय का, पाण्यावर तरंगतंय का, हे डॉक्टरांना न लाजता सांगावं. त्यावरूनच कॅप्सूलचा डोस ठरतो. चरबी पचली नाही तर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत, म्हणून त्यांची आणि हाडांची तपासणी अधूनमधून लागते. प्लीहाही काढली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस वगैरे जंतूंविरुद्धच्या लसी चुकवू नयेत आणि ताप अंगावर काढू नये.

दाहामुळे स्वादुपिंड काढणाऱ्या काहींसाठी आणखी एक वाट आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९७७ साली सुरू झालेल्या पद्धतीत काढलेल्या ग्रंथीतले इन्सुलिन बनवणारे पेशीपुंज वेगळे करून रुग्णाच्याच यकृतात सोडतात. ते रुजेपर्यंत त्यांच्यावर ताण पडू नये म्हणून काही महिने बाहेरून इन्सुलिन देतात. पुढे काहींना ते अजिबात लागत नाही, काहींना कमी लागतं.