रिंग निवडण्याआधी बोअर बघा

नवी पिस्टन रिंग हातात घेतली तर तिचं विशेष काही वाटत नाही. पिस्टनच्या खाचेत बसून वायू अडवणारं, दीड मिलिमीटर जाडीचं, एका जागी कापलेलं धातूचं कडं. वजन जेमतेम 10 ग्रॅम. हेच कडं 86 मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली पल्ल्याच्या) इंजिनात मिनिटाला 7000 फेऱ्यांवर पळतं तेव्हा काय होतं ते पाहा. पिस्टन वरच्या टोकाला पोचून मागे फिरतो त्या क्षणी त्याचं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे 3000 पट असतं. म्हणजे 10 ग्रॅमची रिंग 30 किलोच्या जोराने खाचेतून वर उसळू पाहते. तिला खाली दाबून धरतो तो तिच्यावरच्या वायूचा दाब. हा दाब कमी पडला की रिंग खाचेत फडफडू लागते आणि वायू तिला चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळपेटीत, उतरतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनात 1.2 किंवा 1 मिलिमीटरच्या पातळ रिंगा घालतात त्या यासाठी. वजन कमी, तर उसळी कमी.

रिंग स्वतःच्या ताणाने बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या पोकळीला, घट्ट चिकटते आणि म्हणून सील करते, असं अनेकांना वाटतं. खरं तर तिचा स्वतःचा ताण माफकच असतो. जळता वायू रिंगच्या वरच्या फटीतून तिच्या पाठीमागे शिरतो आणि तोच तिला बाहेर, भिंतीवर दाबतो. दाब जितका जास्त तितकं सील पक्कं. 1850 च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम यांनी वाफेच्या इंजिनासाठी कापलेली धातूची रिंग आणली. त्याआधी पिस्टनभोवती दोरखंडाचं पॅकिंग गुंडाळत असत. रॅम्सबॉटम यांची ती साधी कल्पना आजही जवळपास तशीच वापरात आहे, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आता धातू. जुन्या रिंगा साध्या बिडाच्या. बिडात ग्रॅफाइटच्या चपट्या पापुद्र्या असतात. त्या घर्षणात मदत करतात, पण धातूच्या पोटात त्या जणू आधीच पडलेल्या चिरा असतात. इंजिनात नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण वेळेआधी किंवा भलतीकडे भडकलं, की धक्क्याने अशी रिंग मोडते. डक्टाइल बिडात ग्रॅफाइट गोल कणांच्या रूपात असतं, त्यामुळे ते वाकतं पण सहजी तुटत नाही. पोलाद त्याहून मजबूत. टर्बो (हवा दाबून भरणारं यंत्र) लावलेल्या इंजिनात वरची रिंग साध्या बिडाची घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोटिंगच्या बाबतीत 'जितकं कठीण तितकं चांगलं' हा समज सर्वांत महाग पडतो. रिंग, बोअरची भिंत आणि मधला काही मायक्रॉनचा तेलाचा थर हे तिघे मिळून काम करतात. एकाला निवडताना बाकीचे दोघे विसरून चालत नाही. हार्ड क्रोम धुळीला आणि झिजेला दाद देत नाही, पण ते गुळगुळीत असल्याने तेल धरून ठेवत नाही आणि बोअरवर बसायला वेळ घेतं. फवारून चढवलेलं मॉलिब्डेनम सच्छिद्र असतं. त्या बारीक छिद्रांत तेल साठतं आणि मॉलिब्डेनमचा वितळणबिंदू 2600 अंश सेल्सिअसच्या वर असल्याने रिंग भिंतीला चिकटून ओरखडत नाही. त्याची उणीव अशी की ते ठिसूळ असतं आणि सततच्या नॉकिंगने त्याचे टवके उडतात. नायट्राइड केलेल्या, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवलेल्या, पोलादात कठीणपणा धातूच्या आतच मुरलेला असतो, टवका उडायला वेगळा थरच नसतो. जास्त बूस्टच्या (टर्बोच्या जास्त दाबाच्या) इंजिनाला मी तेच पसंत करतो. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे रिंगांखालच्या भागावर, काळसर दिसतं ते मॉलिब्डेनम डायसल्फाइड. नाव सारखं असलं तरी तो वेगळा पदार्थ आहे, कोरडं वंगण. त्याचा सीलशी संबंध नाही.

म्हणून आधी बोअर बघायचा. क्रोम चढवलेल्या बोअरमध्ये क्रोमची रिंग कधीच घालायची नाही. एकसारखे दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांना खातात. बिडाच्या बोअरमध्ये मॉलीच्या (मॉलिब्डेनमच्या) रिंगसाठी होनिंग, म्हणजे भिंतीची दगडाने घासाई, बारीक, साधारण 400 ग्रिटचं लागतं, तर क्रोमच्या रिंगसाठी 280 च्या आसपास, जरा खरखरीत. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी लावायची जाड पट्टी) बोल्टने आवळलेली असावी, कारण हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, आवळल्यावर गोल बोअर किंचित वेडावाकडा होतो. प्लेट न लावता केलेला गोल बोअर हेड बसवल्यावर गोल राहत नाही.

मग उरतो गॅप, म्हणजे रिंगच्या कापलेल्या टोकांमधली फट, आणि इथे हिशेब स्वतः करून पाहावा. 86 मिलिमीटर बोअरच्या रिंगचा परीघ सुमारे 270 मिलिमीटर. बीड दर अंशाला लांबीच्या साधारण 11 दशलक्षांश प्रसरण पावतं. रिंग भिंतीपेक्षा 100 अंशांनी जास्त तापली तर तिची लांबी 0.3 मिलिमीटरने वाढते. गॅप तेवढाही नसेल तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये आवळून बसते आणि शेवटी पिस्टनचा काठ फुटतो. म्हणून साध्या इंजिनात वरच्या रिंगला बोअरच्या दर 100 मिलिमीटरमागे सुमारे 0.4 मिलिमीटर, तर टर्बोला 0.6 किंवा जास्त गॅप देतात; शेवटचा शब्द पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्याचा. दुसऱ्या रिंगचा गॅप बहुधा वरच्यापेक्षा थोडा मोठा ठेवतात. दोन रिंगांच्या मध्ये वायू कोंडला तर तो वरच्या रिंगला खालून उचलतो.

गॅप घासताना रिंग बोअरमध्ये टाकून उलट्या पिस्टनने सरळ ढकलायची, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून मोजायचा, मग काढून एकाच टोकाला कानस मारायची, तीही बाहेरून आत. उलट दिशेने मारली तर कोटिंगची कड उचकटते. दोन-तीन हात मारले की पुन्हा बोअरमध्ये टाकून मोजायचं. घासलेला धातू परत जोडता येत नाही.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं की ते तासभर आयडलवर ठेवू नये. रिंग बसायला दाब लागतो. तेल आणि तापमान ठीक दिसताच मध्यम लोड द्यावा, मग थ्रॉटल सोडावा, पुन्हा लोड द्यावा. होनिंगच्या रेषांची टोकदार शिखरं झिजून रिंग भिंतीशी जुळते ती याच सुरुवातीच्या काही तासांत. तेव्हा दाब मिळाला नाही तर भिंतीवर आरशासारखी चकाकी चढते, इंजिन तेल खात राहतं आणि ते पुन्हा खोलून होनिंग करावं लागतं.