गडद जाड पडद्याने खोली गार राहते का?

"पडदा जितका जाड आणि गडद, तितकी खोली गार", हे दर उन्हाळ्यात फिरतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी अंधार केला की डोळ्यांना गारवा भासतोच.

पण पडद्यापर्यंत पोहोचलेलं ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. गडद कापड ते शोषून तापतं आणि उष्णता खोलीतच सोडतं. उघड्या काचेपेक्षा तो बरा, एवढंच. खरा फायदा ऊन काचेबाहेर अडवण्यात आहे: बांबूची चटई, शेडनेट, साधं गोणपाटसुद्धा चालेल. सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून करा. पडदा आतच लावायचा असेल तर काचेकडची बाजू पांढरी हवी, म्हणजे थोडं ऊन परत फिरतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा ओला पडदा तर फारच उत्तम, फक्त त्यातून वारा आत यायला हवा. पावसाळ्यात मात्र तो कामाचा नाही.

पडताळायचंय? दुपारी चारला पडद्याला काचेच्या बाजूने हात लावा. मग एक दिवस बाहेर गोणपाट बांधून आणि एक दिवस न बांधता, त्याच वेळी, त्याच जागी थर्मामीटर बघा.

जाड पडदे टाकून देऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते घराची ऊब धरून ठेवतात.