वसाहतींच्या आकृतिबंधातील सामाजिक घटक (पुरातत्त्व)

प्राचीन वस्त्या कोठे वसल्या, किती वाढल्या व का ओस पडल्या, याचे प्रतिमान (मॉडेल) मांडताना नदी, माती, पाऊस यांच्या जोडीने सत्ता, नातेसंबंध, जमिनीची मालकी, धर्म आणि व्यापार विचारात घ्यावे लागतात. यांना सामाजिक घटक म्हणतात.

माती-पाणी नकाशावर मोजता येते, म्हणून बहुतेक प्रतिमाने तेथूनच सुरू होतात. १९७० मध्ये क्लॉडिओ व्हिटा-फिन्झी व एरिक हिग्ज यांनी वस्तीभोवतीच्या संसाधनक्षेत्राचा अभ्यास मांडला; शेतकरी घरापासून सुमारे तासभराच्या चालीतली जमीन कसतो, हे त्यातले गृहीतक. परंतु जमीन किती माणसे पोसू शकते आणि तेथे प्रत्यक्षात किती राहतात, हे निराळे प्रश्न आहेत. ॲरिझोनातील लाँग हाउस व्हॅली इ.स. १३०० च्या सुमारास पूर्ण ओस पडली. हवामान व पिकांवर आधारलेल्या संगणकीय प्रतिमानात मात्र काही कुटुंबे तेथे तगून राहिली. हा फरक केवळ हवामानाने भरून निघत नाही.

नाशिकला सामाजिक घटकांचा लेखी पुरावाच आहे. पांडवलेण्यांतील ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या २४ व्या राज्यवर्षाचा आदेश कोरला आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले कखडी गावचे शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीतून १०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे प्राचीन माप) द्यावीत, असे नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला कळवले आहे. गाव उठण्याचे कारण लेखात नाही. मात्र हा मुलूख सातवाहनांनी क्षहरात या शक क्षत्रप घराण्याकडून नुकताच घेतलेला होता, आणि अशा सत्तांतराची नोंद मातीच्या नकाशात कधीच उमटत नाही. दानात मिळालेली जमीन कसायला माणूस लागतो, हे या आदेशातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

लेण्यांची वस्तीही आसपासच्या शेतीवरून उलगडत नाही. १० क्रमांकाच्या लेण्यातील लेखानुसार क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ३००० कार्षापण नाणी कायम ठेव ठेवली. २००० वर दरमहा शेकडा १ व १००० वर पाऊण टक्का व्याज. भिक्षूंचे वस्त्र व इतर खर्च यातून भागत. म्हणजे डोंगरावरची वस्ती शहरातल्या मागांवरही उभी होती.

लेख नसलेल्या काळात घरांकडे पाहावे लागते. ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या इनामगावात (जि. पुणे) धान्यकोठाराशेजारी पाच खोल्यांचे घर सापडले, ते गावप्रमुखाचे मानले जाते. कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम भागात होती. मुलांचे दफन घराच्या जमिनीखाली, कुंभांत होत असे. अशा जागेशी जडलेले नाते प्रतिमानात कोणत्या आकड्याने मांडावे, हा प्रश्न अवघडच आहे.

अभ्यासाला मिळणाऱ्या वस्त्यांच्या नमुन्याचा दोषही लक्षात घ्यावा लागतो. ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला गोदाकाठच्या जुन्या टेकाडावर उत्खनन केले. पण जी जागा पिढ्यान्‌पिढ्या सोयीची राहिली, तीवर आजही घरे उभी आहेत आणि तेथे खणता येत नाही. सोडून दिलेली खेडी अभ्यासाला सहज मिळतात, टिकलेली शहरे मिळत नाहीत. त्यामुळे वस्त्या उठण्याचे प्रमाण फुगून दिसू शकते.