पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, पण का?

ठाण्यात कुठल्याही सोसायटीत खाली खेळणाऱ्या सातवी-आठवीतल्या पोराला थांबवून विचारा, ३क्ष + ७ = २२, क्ष किती? तो धडाधड सांगेल, ७ पलीकडे गेला, चिन्ह बदललं, बावीस वजा सात पंधरा, तीन खाली गेला, उत्तर ५. उत्तर बरोबर आहे. आता विचारा की पलीकडे गेल्यावर चिन्ह का बदलतं रे, तर तो गप्प होतो, आणि शेजारी उभे असलेले आईबाबा सांगतात, अहो तसा नियमच आहे. माझं म्हणणं एवढंच की असा नियम नाहीये. आकडे कुठेही जात नाहीत, आणि चिन्ह आपोआप बदलत नाही. तिथे जे खरंच होतं ते इतकं साधं आणि इतकं सुंदर आहे की ते न सांगता नुसतं पाठ करून घेतलं तर पोरांचं फार नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं.

गडबड खरं तर बीजगणिताच्या आधीच झालेली असते, बरोबरच्या चिन्हापाशी. पहिलीपासून आपण ५ + ३ = लिहितो आणि पुढे उत्तर भरतो, त्यामुळे पोरांच्या डोक्यात = म्हणजे 'आता उत्तर लिही' असं पक्कं बसतं. अमेरिकेत १९९९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात सहावीच्या मुलांना ८ + ४ = ☐ + ५ यातला चौकोन भरायला दिला होता, तर त्यांनी १२ किंवा १७ लिहिलं. बरोबर उत्तर ७. घरी करून बघा, पोरांवर आणि मोठ्यांवर पण. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा दोन समांतर सारख्या रेघा मुद्दाम घेतल्या, कारण त्याच्या मते त्यांच्यापेक्षा जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. म्हणजे = हे सांगतं की डावीकडे जे आहे आणि उजवीकडे जे आहे ते एकच आहे, बस.

तराजू डोळ्यासमोर आणा, भाजीवाल्याकडचा जुना दोन पारड्यांचा. एका पारड्यात क्ष वजनाच्या तीन पिशव्या आणि ७ किलोचं वजन, दुसऱ्यात २२ किलो, काटा मधोमध. आता डावीकडचं ७ किलो काढलं तर काटा कलणार, म्हणून उजवीकडूनही ७ काढायचे. ३क्ष + ७ − ७ = २२ − ७. डावीकडे ७ आणि −७ मिळून शून्य झाले, दिसेनासे झाले, आणि उजवीकडे −७ दिसायला लागला. बघणाऱ्याला वाटतं ७ उडी मारून पलीकडे गेला आणि वजा झाला. कोणी उडी मारलेली नाही, आपण दोन्हीकडे एकच गोष्ट केली.

हे कळलं नाही की काय होतं ते पुढच्याच ओळीत दिसतं. ३क्ष = १५ आलं की बरीच मुलं लिहितात क्ष = १५ − ३ = १२, कारण तीन पलीकडे गेला ना मग वजा झालाच पाहिजे. ३ × १२ म्हणजे ३६, पंधरा कुठे आणि छत्तीस कुठे. पण इथे ३ हा क्ष ला गुणलेला आहे, तो काढायचा तर गुणाकाराची उलट क्रिया लागते, म्हणजे भागाकार, दोन्ही बाजूंना तीनने. बेरीज झाली असेल तर वजाबाकी, गुणाकार झाला असेल तर भागाकार. जे झालंय ते उलटं करायचं, आणि दोन्हीकडे करायचं. एवढ्या दोन गोष्टींवर एकाच अज्ञात संख्येची साधी, वर्ग-बिर्ग नसलेली समीकरणं सुटतात.

आणि क्ष म्हणजे दरवेळी लपलेला एकच आकडा असतो असंही नाही. रिक्षाचं भाडं घ्या. मुंबई महानगरात फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असा दर लागू झाला. बऱ्याच लोकांना वाटतं २६ ही वेगळी बसण्याची फी आहे. १७.१४ ला १.५ ने गुणा, २५.७१ येतात, तेच पूर्ण करून २६. म्हणजे दीड किलोमीटरच्या पुढे भाडं जवळजवळ सरळ १७.१४ × क्ष, इथे क्ष म्हणजे कुठलंही अंतर, एका ओळीत ठाण्यातल्या दिवसाच्या सगळ्या मीटरच्या सवाऱ्या आल्या. आता उलटं चला, वेटिंग न होता मीटर १२० वर थांबला तर १७.१४क्ष = १२०, दोन्ही बाजूंना १७.१४ ने भागा, क्ष ७ च्या आसपास, म्हणजे सात किलोमीटर. फिरवून आणलं का ते मॅपवर लगेच तपासता येतं.

मध्येच एक सांगतो, कारण दर मे महिन्यात 'वैदिक गणिता'च्या क्लासचे बोर्ड लागतात. पाचाने संपणाऱ्या संख्येचा वर्ग सेकंदात काढा, वेदांमधलं गुपित, फी अमुक. ३५ चा वर्ग? तीन गुणिले चार बारा, पुढे पंचवीस, १२२५. युक्ती छान आहे आणि शिकवावी पण. पण ही सूत्रं वेदांमध्ये सापडत नाहीत आणि यात गुपित काहीच नाही. अशी संख्या १०अ + ५ लिहा, वर्ग करा, १००अ² + १००अ + २५ येतं, म्हणजे १००अ(अ + १) + २५. झालं, अ ला पुढच्या आकड्याने गुणायचं आणि मागे पंचवीस लावायचे. आठवीतलं पोर हे स्वतः सिद्ध करू शकतं, आणि सिद्ध केलेल्या गोष्टीसाठी कुठल्याही बाबाचं नाव लागत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, थोडा जड आहे पण वहीपेन घेऊन बसा. दोन्हीकडे 'काहीही' केलं तर चालतं का? व्हॉट्सअ‍ॅपवर एक 'सिद्धता' फिरते की २ = १. अ = ब धरा. दोन्ही बाजूंना अ ने गुणा, अ² = अब. दोन्हीकडून ब² वजा करा, अ² − ब² = अब − ब². अवयव पाडा, (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). दोन्ही बाजूंना (अ − ब) ने भागा, अ + ब = ब. अ आणि ब दोन्ही १ घेतले की २ = १. प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना सारखंच केलंय, मग चुकलं कुठे? अ = ब आहे म्हणून अ − ब हे शून्य आहे, आणि आपण शून्याने भागलं.

शून्याने का भागायचं नाही, तर शून्याने गुणणं परत फिरवता येत नाही म्हणून. ५ ला ७ ने गुणलं, ३५ आले, सातने भागलं की ५ परत मिळतात. ५ ला शून्याने गुणलं तर शून्य, ९ ला गुणलं तरी शून्य, आता हातात नुसतं शून्य आहे, त्यावरून आधी ५ होते की ९ हे कोण सांगणार? ती माहिती गेली. म्हणून नुसतं 'दोन्हीकडे सारखं करा' पुरत नाही, केलेलं उलटं करता आलं पाहिजे ही त्याची दुसरी अट. ह्या शून्यापाशी मोठमोठे लोक अडले आहेत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले, कर्ज आणि संपत्तीच्या भाषेत, त्यातले जवळजवळ सगळे आजही तसेच शिकवतो, पण शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं त्याने म्हटलं, ते आज आपण मानत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देऊन समीकरणं सोडवली, आणि शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हणून ती अनंत ठरवली. तेही आज चालत नाही, पण प्रश्न कुठे आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

वर्ग करणं पण असंच अर्धवट परतीचं आहे. क्ष = ३ चा वर्ग केला की क्ष² = ९, पण परत येताना ३ आणि −३ दोन्ही समोर येतात. म्हणून वर्गमुळाची समीकरणं सोडवताना नको ती उत्तरं घुसतात. √क्ष = क्ष − २ घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष = क्ष² − ४क्ष + ४, म्हणजे क्ष² − ५क्ष + ४ = ०, अवयव (क्ष − १)(क्ष − ४), उत्तरं १ आणि ४. आता ती मूळ समीकरणात टाका. ४ टाकला तर डावीकडे २, उजवीकडे २. १ टाकला तर डावीकडे १ आणि उजवीकडे −१, म्हणून १ खोडायचा.