कॅन्सर डब्यातून लागत नाही

"कॅन्सर झालेल्याचा कप वेगळा ठेवा, केमो-रेडिएशन चालू असेल तर शेजारी बसू नका." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. महापेच्या आमच्या ऑफिसात एक ताई उपचारांनंतर रुजू झाल्या, तेव्हा पॅन्ट्रीतल्या त्यांच्या मगावर कुणीतरी लाल चिकटपट्टी लावली. हेतू वाईट नव्हता, भीती होती.

कॅन्सर म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्याच पेशींची बेसुमार वाढ. त्या उष्ट्या चहातून दुसऱ्याच्या अंगात रुजत नाहीत. परक्या पेशी आपलं शरीर ओळखून संपवतं. मग गैरसमज आला कुठून? एचपीव्ही, हिपॅटायटिस बी असे काही विषाणू पुढे कॅन्सरला कारण ठरू शकतात, आणि ते पसरतात. पण पसरतो तो विषाणू, तोही मुख्यतः शरीरसंबंधातून किंवा रक्तातून. दोन्हींवर लस आहे.

बाहेरून मशीनने दिलेले किरण मशीन बंद झालं की संपले, अंगात उरत नाहीत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन देतात तेव्हा मात्र काही दिवस अंतर ठेवायला डॉक्टर स्वतःच सांगतात.

पडताळायचंय? आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. किंवा कॅन्सर वॉर्डातल्या नर्स बघा, रोज पेशंटचा हात धरून सुई लावतात.

केमोत खरा धोका उलटा असतो. पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे आपली साधी सर्दीही त्यांना जड जाऊ शकते. ठाण्याहून लोकलने शिंकत आलात, तर लांब तुम्ही बसा.

पट्टी मी काढली. मगावर गोंद अजून थोडा चिकट लागतो.